डिसिजन ट्रीचा प्लॉट येतो पण लेबलं येत नाहीत, किंवा येतात ती भलतीच: काय तपासायचं

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत डिसिजन ट्री (अटींच्या फाट्यांतून उत्तरापर्यंत नेणारं झाड) बनवला, प्लॉट मारला आणि स्क्रीनवर नुसत्या काटकोनातल्या रेघा आल्या, ना व्हेरिएबलचं नाव ना खाली कुठला क्लास (म्हणजे उत्तराचा गट). हा प्रश्न इतक्या जणांना इतक्या वेळा पडतो की सगळं एकदाच एका जागी लिहून ठेवावं म्हटलं. कारण विचारलं की उत्तर मिळतं "टेक्स्ट फंक्शन चालव", आणि ते चालवलं की खरा घोळ तिथून पुढे सुरू होतो. लेबलं कडेला कापली जातात, एकमेकांवर चढतात, गाडीच्या प्रकाराच्या जागी ए बी सी दिसतं, क्लासच्या जागी ०.३८ असा काहीतरी आकडा येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी लेबलं एकदम व्यवस्थित दिसतात पण चुकीची असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

कमांड इथे आपण बोलतो तशा लिहिल्यात, कन्सोलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाइप करायच्या. मुख्यतः आरपार्ट हे डिसिजन ट्री बनवणारं पॅकेज धरून लिहितोय कारण ते आरसोबतच येतं आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. याच कामात लागणारी इतर पॅकेजं, म्हणजे ट्री पॅकेज, आरपार्ट डॉट प्लॉट, पार्टीकिट, कॅरेट आणि पायथनचं सायकिट-लर्न, यांचंही जिथे अडतं तिथे सांगतो.

आधी मुळात काय चालतं ते बघा, कारण निम्मे प्रॉब्लेम त्यातच आहेत. आरपार्टमध्ये झाड काढणं आणि झाडावर लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्लॉट फक्त सांगाडा काढतं. नावं टाकायला टेक्स्ट वेगळं चालवावं लागतं, असं:

प्लॉट(फिट, युनिफॉर्म = ट्रू, मार्जिन = ०.१)
टेक्स्ट(फिट, यूज.एन = ट्रू, सीईएक्स = ०.८)

यात फिट म्हणजे तुम्ही बनवलेलं मॉडेल, यूज.एन म्हणजे नावाखाली संख्याही लिही, आणि सीईएक्स म्हणजे अक्षरांचा आकार. आता यातली खोच अशी की टेक्स्ट हे स्क्रीनवरच्या चित्राकडे बघत नाही. प्लॉट चालवताना तुम्ही जी सेटिंग्ज दिली ती आरपार्ट त्या वेळच्या ग्राफिक्स डिव्हाइसच्या (चित्र जिथे उमटतं त्या विंडोच्या किंवा फाइलच्या) नावाने लक्षात ठेवतं, आणि टेक्स्ट ती सेटिंग्ज आणि तुम्ही दिलेलं मॉडेल घेऊन प्रत्येक नोडची (झाड जिथे फुटतं किंवा संपतं त्या प्रत्येक ठिकाणाची) जागा नव्याने मोजतं आणि तिथे लिहून मोकळं होतं. खाली काढलेलं झाड त्याच मॉडेलचं आहे का हे ते तपासत नाही. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचे बरेचसे घोळ वाचतानाच कळतील.

आणि एक सवय लावून घ्या, चित्राला हात लावायच्या आधी प्रिंट(फिट) करून वाचायचं. झाडाबद्दलचं खरं काय ते तिथे असतं. आयरिसचा डेटा घ्या, तीन जातींच्या फुलांच्या मापांचा, सगळ्यांकडे आहे. प्रिंटमध्ये पहिली ओळ रूटची, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडची, १५० फुलं. मग पेटल लेंग्थ २.४५ पेक्षा कमी असलेली ५०, सगळीच्या सगळी सेटोसा. उरलेली १०० पेटल विड्थ १.७५ वर फुटतात, एका बाजूला ५४ ज्यांना व्हर्सिकलर म्हटलंय आणि त्यात ५ चुकीची, दुसऱ्या बाजूला ४६ ज्यांना व्हर्जिनिका म्हटलंय आणि त्यात १ चुकीचं. ज्या ओळीच्या शेवटी स्टार आहे तो शेवटचा नोड, म्हणजे पान. हे सगळं प्रिंटमध्ये बरोबर दिसतंय आणि चित्रात नाही, तर दोष चित्र काढण्यात आहे. प्रिंटमध्येच विचित्र दिसतंय तर दोष डेटात किंवा मॉडेलमध्ये आहे आणि मग फॉन्ट लहानमोठा करून काहीही होणार नाही. इथे लोक तासन्‌तास चुकीच्या बाजूला खपतात म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

एरर येते तेव्हा

सगळ्यात जास्त दिसणारी एरर म्हणजे "प्लॉट डॉट न्यू हॅज नॉट बीन कॉल्ड येट". सरळ अर्थ, लिहायला कागदच उघडलेला नाही. एक कारण म्हणजे टेक्स्ट आधी चालवलं, पण ते सोपं आहे, लगेच कळतं. गोंधळात टाकणारं दुसरं आहे. आर मार्कडाऊनच्या नोटबुकमध्ये एकेक ओळ कंट्रोल एंटर मारत चालवली की प्लॉटचं चित्र ओळीखाली उमटतं आणि तो कागद तिथेच बंद होतो, मग पुढच्या ओळीतलं टेक्स्ट उघड्यावर पडतं. कोडमध्ये काही चूक नाही. दोन्ही ओळी एकत्र सिलेक्ट करून चालवा, किंवा अख्खा चंक (कोडचा तुकडा) हिरव्या बाणाने चालवा, किंवा दोन्ही ओळी महिरपी कंसात घाला म्हणजे आर त्यांना एकच समजतं. आणि प्लॉट एका चंकमध्ये, टेक्स्ट पुढच्या चंकमध्ये असं तर करूच नका, निट करताना (फाइलचा रिपोर्ट बनवताना) हमखास फुटतं.

याचंच भावंड म्हणजे "नो इन्फर्मेशन अव्हेलेबल ऑन पॅरामीटर्स फ्रॉम प्रीव्हियस कॉल टू प्लॉट". म्हणजे कागद उघडा आहे पण त्या डिव्हाइसवर आरपार्टचा प्लॉट काढल्याची नोंदच नाही. मधे डेव्ह ऑफ (डिव्हाइस बंद करणारी कमांड) झालं असेल, किंवा पीएनजी उघडून त्यात दुसरंच काहीतरी काढलं असेल, किंवा झाड दुसऱ्याच विंडोत असेल. डेव्ह डॉट कर करून बघा सध्या कुठलं डिव्हाइस चालू आहे, आणि प्लॉट नि टेक्स्ट दोन्ही त्याच डिव्हाइसवर परत लागोपाठ चालवा.

तिसरी, "फिट इज नॉट अ ट्री, जस्ट अ रूट". हिचा लेबलांशी काही संबंध नाही, झाड फुटलंच नाहीये. आरपार्टचे डीफॉल्ट असे आहेत की एखाद्या नोडमध्ये किमान २० ओळी असल्याशिवाय तो फोडायचा विचारही होत नाही, पानात किमान ७ लागतात, आणि सीपी ०.०१ म्हणजे फोडून एवढा तरी फायदा झाला पाहिजे. आता वर्गात शिकवतात तो टेनिस खेळायचं की नाही वाला डेटा १४ ओळींचा असतो. १४ म्हणजे २० पेक्षा कमी, तो कधीच फुटणार नाही, कितीही डोकं आपटलं तरी. तिथे कंट्रोलमध्ये मिनस्प्लिट (ही २० ची मर्यादा) २ द्या, मग पानाची किमान मर्यादा आपोआप १ होते आणि झाड फुटायची वाट मोकळी होते. शिकण्यापुरतं ते ठीक आहे.

डेटा मोठा असून फक्त रूट येत असेल तर बहुतेक वेळा एक क्लास फारच थोडा असतो, शंभरात दोन-तीन. अशा वेळी सगळ्यांना "नाही" म्हटलं तरी चुका इतक्या कमी असतात की कुठल्याही फाट्याने त्यात म्हणावी तशी घट होत नाही. इथे प्रायर (क्लासला द्यायचं वजन) किंवा लॉस मॅट्रिक्स (कुठली चूक किती महाग ते सांगणारा तक्ता) यांचा विचार करा. नुसतं चित्र यावं म्हणून सीपी शून्य करू नका, झाड येईल पण ते डेटातला गोंगाट पाठ केलेलं असेल, आणि त्यावर सुंदर लेबलं लावून उपयोग काय.

लेबलं कापली जातात, गिचमिड होते

मार्जिनचा डीफॉल्ट शून्य आहे. म्हणजे झाड अगदी कडेपर्यंत पसरतं आणि डावीउजवीकडच्या शेवटच्या पानांची नावं अर्धी बाहेर. प्लॉटमध्ये मार्जिन ०.१ द्या, नावं लांब असतील तर ०.१५ किंवा ०.२. लक्षात घ्या हे मार्जिन प्लॉटला द्यायचं, टेक्स्टला नाही. तरीही कापलं जात असेल तर प्लॉटच्या आधी पार(एक्सपीडी = एनए) करा, म्हणजे चौकटीच्या बाहेर लिहायला परवानगी मिळते. काम झालं की ते परत फॉल्स करून ठेवा नाहीतर पुढच्या प्लॉटच्या रेघा नको तिथे जातील.

एकमेकांवर चढणारी लेबलं हा जरा वेगळा मामला. आरपार्टमध्ये डीफॉल्टला फांदीची उंची त्या फाट्याने किती फायदा झाला त्यावर ठरते. पहिल्या फाट्याला भरपूर फायदा, म्हणून तो ऐसपैस, आणि खालचे फाटे तळाशी चेपलेले, आणि नेमकी तिथेच सगळी नावं. युनिफॉर्म ट्रू केलं की सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या होतात आणि निम्मी गर्दी तिथेच सुटते. ट्री पॅकेजमध्ये हेच काम टाइप = युनिफॉर्म करतं. पण फांदीची उंची बघून कुठला फाटा महत्त्वाचा हे सांगायचं असेल तर युनिफॉर्मने ती माहिती जाते, म्हणून मी स्वतः एकदा डीफॉल्टने बघतो आणि रिपोर्टमध्ये युनिफॉर्म टाकतो.

मग सीईएक्स, ०.८ किंवा ०.७. त्याच्या खाली गेलात तर छापल्यावर कोणालाही वाचता येत नाही. फॉन्ट बारीक करण्यापेक्षा कागद मोठा करा, पीएनजी उघडताना रुंदी २४००, उंची १६००, रेझोल्यूशन २०० असं काहीतरी द्या. नुसती रुंदी-उंची वाढवून रेझोल्यूशन तेच ठेवलं की अक्षरं चित्राच्या मानाने मुंगीएवढी दिसतात, ही तक्रार फार येते. आणि क्रम: पीएनजी, प्लॉट, टेक्स्ट, शेवटी डेव्ह ऑफ. टेक्स्ट डेव्ह ऑफच्या आधीच.

आणि चाळीस पानांचं झाड असेल तर कुठलीही सेटिंग वाचवू शकत नाही. प्रिंटसीपी करा, क्रॉस व्हॅलिडेशनची (डेटाचा भाग बाजूला ठेवून घेतलेल्या चाचणीची) एरर कुठे सपाट होते ते बघा, प्रून करा म्हणजे जादा फांद्या छाटा, आणि मग काढा. जे झाड चित्रात मावत नाही ते वाचणाऱ्याच्या डोक्यातही मावत नाही.

नावांच्या जागी ए, बी, सी

हा माझ्या मते सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, आणि उपाय एका शब्दाचा. आरपार्टसोबत सीयू डॉट समरी नावाचा डेटा येतो, १९९० च्या अमेरिकन बाजारातल्या ११७ गाड्यांचा. मायलेजवर झाड बनवा, किंमत, देश, रिलायबिलिटी आणि टाइप ही व्हेरिएबल घेऊन. ५७ गाड्यांचं मायलेजच नाहीये, त्या गळतात आणि ६० उरतात. पहिला फाटा किंमत ९४४६.५ वर. दुसरा फाटा चित्रात दिसतो तो "टाइप = बीसीएफ" असा. आता बीसीएफ म्हणजे काय समजायचं? गाडीचे सहा प्रकार वर्णानुक्रमे लावलेत, कॉम्पॅक्ट, लार्ज, मीडियम, स्मॉल, स्पोर्टी, व्हॅन, आणि त्यांना ए ते एफ अक्षरं दिलीत. म्हणजे बी लार्ज, सी मीडियम, एफ व्हॅन. प्रिंटमध्ये बघितलं तर तिथे पूर्ण नावं आहेत, लार्ज, मीडियम, व्हॅन, २३ गाड्या.

असं का, तर टेक्स्टमध्ये मिनलेंग्थ नावाचा पर्याय आहे आणि त्याचा डीफॉल्ट १ आहे, म्हणजे प्रत्येक लेव्हलला (प्रत्येक प्रकाराच्या नावाला) एक अक्षर. पहिल्या २६ लेव्हलना लहान लिपीतली, पुढच्या २६ ना मोठ्या लिपीतली. मिनलेंग्थ शून्य दिलं की काटछाट बंद, पूर्ण नाव. मिनलेंग्थ ४ दिलं तर नावं साधारण चार अक्षरांपर्यंत आखडतात. जुन्या कोडमध्ये प्रिटी = ० दिसेल, त्याचाही अर्थ तोच. ट्री पॅकेजमध्ये तर प्रिटी = ० हाच मार्ग आहे.

पूर्ण नावं टाकली की लेबल लांबतं, दहा देशांची नावं एका फाट्यावर आली तर अख्खं चित्र झाकलं जातं. तिथे मिनलेंग्थ ३ किंवा ४ बरं, किंवा डेटातच लेव्हलना छोटी पण कळतील अशी नावं द्या. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण आपोआप आखडलेली नावं बऱ्याचदा वाचणाऱ्याला कळत नाहीत.

त्याच झाडात आणखी एक गोष्ट दिसेल, "प्राइस >= १.१४८ई+०४". हा आकडा खरं तर ११४८४.५ आहे. टेक्स्ट डीफॉल्टला चारच अंक दाखवतं, म्हणून दहा हजारांच्या पुढचं सगळं असं शास्त्रीय पद्धतीने येतं. टेक्स्टला डिजिट्स = ७ द्या, सुटलं. पहिल्या फाट्यावरचा ९४४६.५ सुद्धा चित्रात नुसता ९४४६ दिसतो तो याच कारणाने. आरपार्ट डॉट प्लॉटमध्ये डिजिट्सला ऋण आकडा द्यायचा, समजा उणे ५, मग तो साध्या फॉरमॅटने लिहितो.

क्लासच्या जागी दशांश

पानांवर "हो" किंवा "नाही" यायला हवं तिथे ०.१७, ०.७४ असं येतंय. कारण टार्गेट कॉलम (ज्याचा अंदाज करायचा तो) शून्य-एकच्या आकड्यांत आहे आणि आरपार्टने बघितलं की आकडे आहेत, म्हणजे रिग्रेशन, गटाऐवजी आकड्याचा अंदाज. टायटॅनिकची सगळीकडे फिरणारी ८९१ ओळींची फाइल घेऊन बघा, त्यात ३४२ वाचले, आणि टार्गेट आकडा ठेवला तर रूटवर ०.३८३८ येतं, म्हणजे ३४२ भागिले ८९१. आकडा चूक नाही, तो वाचलेल्यांचं प्रमाणच आहे, पण तुम्हाला क्लासिफिकेशन हवं होतं. मेथड = क्लास द्या किंवा त्याहून बरं म्हणजे आधीच फॅक्टर (गटांच्या नावांचा कॉलम) करा, लेव्हल्स शून्य आणि एक, लेबल्स त्याच क्रमाने. हा क्रम जपून लिहा. इथे उलटं लिहिलं तर मॉडेल तेच राहतं, फाटे तेच राहतात, फक्त मेलेल्यांना जिवंत आणि जिवंतांना मेलेलं म्हटलं जातं आणि कुठलीही एरर येत नाही.

यूज.एन ट्रू केल्यावर येणारे आकडे पण याच क्रमाने वाचायचे. कायफोसिसचा डेटा, मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या ८१ मुलांचा, त्यांच्यात कायफोसिस (पाठीचा बाक) आहे म्हणजे प्रेझेंट, नाही म्हणजे ॲब्सेंट, आणि स्टार्ट हे त्यातलं एक व्हेरिएबल. ऑल ट्रू आणि यूज.एन ट्रू करून काढा, स्टार्ट >= ८.५ च्या बाजूला "ॲब्सेंट ५६/६" आणि दुसऱ्या बाजूला "प्रेझेंट ८/११". दोन्हीकडे पहिला आकडा ॲब्सेंटचाच. बरेच जण दुसऱ्या पानावर ८ हा आकडा प्रेझेंटचा समजतात कारण वर प्रेझेंट लिहिलंय. नाही, तिथे ११ प्रेझेंट आहेत आणि ८ चुकून त्यात आलेत. बेरीज करून बघा, ५६ आणि ८ मिळून ६४ ॲब्सेंट, ६ आणि ११ मिळून १७ प्रेझेंट, एकूण ८१. अशी बेरीज जुळली की निम्मी काळजी मिटते.

आणि फाट्यावर लिहिलेली अट खरी असेल तर डावीकडे जायचं, नेहमी. आरपार्टच्या साध्या चित्रावर हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून रिपोर्टमध्ये झाड टाकताना खाली एक ओळ नक्की लिहा.

न बोलता चुकणारी लेबलं

एरर आली तर निदान कळतं तरी. खाली दिलेले प्रकार बिनबोभाट चुकतात.

प्रून केलेलं झाड प्लॉट केलं आणि टेक्स्टला जुनं मॉडेल दिलं. हे सहज होतं कारण प्रून केलेल्याला फिट२ असं काहीतरी नाव दिलेलं असतं आणि टेक्स्टची ओळ वरून कॉपी केलेली असते. वर सांगितलं तसं टेक्स्ट चित्राकडे बघतच नाही, ते जुन्या मोठ्या झाडाच्या जागा मोजून लिहितं, मग काही लेबलं फांदी नसलेल्या मोकळ्या जागेत तरंगतात आणि काही नेमकी चुकीच्या नोडवर बसतात. रेघ नसलेल्या जागी लेबल दिसलं की पहिला संशय हाच घ्या.

दोन झाडं शेजारीशेजारी काढताना पण असंच. एमएफरो १, २ करून लोक आधी दोन्ही प्लॉट काढतात आणि मग दोन्ही टेक्स्ट. तोपर्यंत पहिली चौकट हातातून गेलेली असते आणि दोन्ही झाडांची नावं दुसऱ्या चौकटीत येऊन पडतात. प्लॉट, टेक्स्ट, मग दुसरा प्लॉट, दुसरा टेक्स्ट, असंच करायचं.

तिसरं, आरपार्ट डॉट प्लॉट पॅकेजने झाड काढायचं आणि वरून परत टेक्स्ट मारायचं. त्या पॅकेजला टेक्स्टची गरज नाही, ते लेबलं स्वतःच टाकतं आणि त्याची मांडणी वेगळी असते. पार्टीकिटचं तर ग्राफिक्सच वेगळ्या प्रणालीवर चालतं, ग्रिडवर, तिथे साधं टेक्स्ट लागूच होत नाही. अक्षरं लहान करायची तर जीपी मधून फॉन्टसाइज द्यावा लागतो.

कॅरेटवाल्यांसाठी: ट्रेन फंक्शनने बनवलेलं मॉडेल थेट प्लॉट केलं तर झाड येत नाही, सीपी विरुद्ध ॲक्युरसीचा ग्राफ येतो, आणि लोक त्यावर टेक्स्ट मारत बसतात. आतलं फायनल मॉडेल काढून ते प्लॉट करा. आणि झाडावर "सेक्समेल >= ०.५" असं काही दिसलं तर घाबरू नका, फॉर्म्युला वापरल्यामुळे कॅरेटने फॅक्टरचे शून्य-एक कॉलम केलेत, ०.५ पेक्षा जास्त म्हणजे पुरुष. फॉर्म्युलाऐवजी एक्स आणि वाय वेगळे दिले की फॅक्टर जसाच्या तसा राहतो आणि लेबल माणसाला कळेल असं येतं.

रोजच्या कामाला आरपार्ट डॉट प्लॉटच वापरा असं मी सांगेन, गर्दी होणार नाही इतका फॉन्ट ते स्वतः निवडतं. अक्षरं थोडी मोठी हवी असतील तर सीईएक्स देऊ नका, ट्वीक १.२ द्या, सीईएक्स हाताने दिला की गर्दी सांभाळायची जबाबदारी तुमची. एक्स्ट्रा हा पर्याय समजून घ्या, त्यावर नोडमध्ये काय लिहायचं ते ठरतं: १ म्हणजे प्रत्येक क्लासची संख्या, ४ म्हणजे प्रत्येक क्लासचं प्रमाण, ६ म्हणजे दोन क्लास असताना दुसऱ्या क्लासचं प्रमाण, आणि त्यात १०० मिळवले की खाली टक्केवारी येते. दोन क्लास असतील तर डीफॉल्ट १०६, म्हणून नोडमध्ये "ॲब्सेंट ०.१०" दिसतं आणि लोक विचारतात दहा टक्केच खात्री असताना ॲब्सेंट का म्हटलंय. ते ०.१० प्रेझेंटचं प्रमाण आहे, ६२ पैकी ६.

याच पॅकेजमध्ये ८.५ चा फाटा "स्टार्ट >= ९" असा दिसतो. राउंडइंट नावाची सेटिंग ट्रू असते, कॉलममध्ये सगळे पूर्णांक असतील तर ते फाट्याची किंमतही पूर्णांकात दाखवतं. अर्थ एकच आहे, पण प्रिंटमध्ये ८.५ आणि चित्रात ९ बघून माणूस गोंधळतो. राउंडइंट फॉल्स करा. मॉडेल फंक्शनच्या आत किंवा टायडीमॉडेल्स या पॅकेजांच्या संचातून बनवलं असेल तर "कॅनॉट रिट्रीव्ह द डेटा" अशी वॉर्निंग येते ती पण याचीच, मॉडेल बनवताना मॉडेल = ट्रू द्या किंवा राउंडइंट फॉल्स.

लेबलं मराठीत हवी असतील तर लेव्हलची नावं सरळ देवनागरीत देता येतात, पण साध्या पीडीएफ डिव्हाइसवर ती ठिपके होऊन येतात आणि "कन्व्हर्जन फेल्युअर" च्या वॉर्निंगचा पाऊस पडतो. रॅग पॅकेजच्या एजीजी पीएनजीने सेव्ह करा आणि कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट असू द्या, जोडाक्षरं नीट जुळतात. आरस्टुडिओच्या आतही नीट दिसायला हवं असेल तर ग्लोबल ऑप्शन्समध्ये ग्राफिक्सचा बॅकएंड एजीजी करा.

पायथनवाल्यांना एकच गोष्ट पण नीट सांगतो. सायकिट-लर्नच्या प्लॉट ट्रीमध्ये क्लास नेम्स ही यादी तुम्ही द्याल त्या क्रमाने जशीच्या तशी चिकटवली जाते, ती मॉडेलशी कोणी पडताळून बघत नाही. मॉडेलच्या आत क्लास चढत्या क्रमाने असतात, शब्द असतील तर वर्णानुक्रमे, म्हणजे "नो" आधी आणि "येस" नंतर. तुम्ही येस, नो असं लिहिलं की अख्खं झाड उलटं बोलायला लागतं. हाताने यादी लिहूच नका, मॉडेलच्या क्लासेस वाल्या ॲट्रिब्यूटवरूनच घ्या, क्लास आकड्यांत असतील तर स्ट्रिंग करून. फीचर नेम्सही ज्या डेटाफ्रेमवर मॉडेल फिट केलं तिच्या कॉलमवरूनच घ्या, मूळ फाइलवरून नको, कारण वन-हॉट केल्यावर (प्रत्येक प्रकाराचा वेगळा शून्य-एक कॉलम केल्यावर) कॉलमची संख्या आणि क्रम दोन्ही बदललेले असतात.

एवढं करूनही शंका राहिली तर झाड हाताने पडताळा, फार वेळ लागत नाही. आरपार्टमध्ये पाथ डॉट आरपार्ट नावाचं फंक्शन आहे, त्याला मॉडेल आणि नोडचा नंबर द्या, रूटपासून त्या नोडपर्यंतच्या सगळ्या अटी तो लिहून दाखवतो. नोडचा नंबर म्हणजे प्रिंटमध्ये ओळीच्या सुरुवातीला असतो तो. आयरिसच्या झाडात ७ नंबर द्या, पेटल लेंग्थ २.४५ किंवा जास्त, मग पेटल विड्थ १.७५ किंवा जास्त, असं येईल. आरपार्ट डॉट प्लॉटमध्ये एनएन = ट्रू केलं की हेच नंबर चित्रावरही येतात, मग चित्रातल्या त्याच पानावर बोट ठेवून वरपर्यंत अटी जुळतात का बघा, आणि डेटातली एखादी ओळ घेऊन त्याच वाटेने खाली उतरा आणि प्रेडिक्टने दिलेल्या क्लासशी ताडून बघा. दोन-तीन पानांना असं केलं आणि जुळलं तर लेबलं बरोबर आहेत, चित्र खुशाल रिपोर्टमध्ये टाका.